गावातल्या कामाचा हिशोब कसा मागायचा: आराखड्यापासून शेवटच्या बिलापर्यंत, टप्प्याटप्प्याने

बहुतेक गावांत हे असंच होतं. रस्ता होतो, गटार होतं, बिल निघतं आणि मग १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत कुणीतरी उभं राहून म्हणतं की काम बोगस झालंय. पाच-दहा मिनिटं आरडाओरडा होतो, सरपंच म्हणतात लेखी द्या, कुणीतरी मध्ये पडतं, चहा येतो आणि सभा संपते. प्रोसिडिंगमध्ये, म्हणजे सभेच्या लेखी नोंदीत, यातलं एक अक्षर नसतं. सहा महिन्यांनी दुसरं काम, पुन्हा तेच.

ओरडणाऱ्याचं म्हणणं बऱ्याचदा खरं असतं, पण क्रम उलटा असतो. आधी आरोप, मग कागद शोधायचे. खरं तर आधी कागद, मग टेप घेऊन जागेवर मोजमाप, मग ग्रामसभेत लेखी विषय आणि त्यानंतर गरज पडली तरच तक्रार असं जायला पाहिजे. मुळशी, भोर, जुन्नर, पुरंदर, तालुका कुठलाही असो, क्रम हाच.

## सुरुवातीलाच: तुम्ही नक्की काय करू शकता ते बघा

हे पुण्यात राहणाऱ्यांसाठी जास्त महत्त्वाचं आहे. चाकण, हिंजवडी, हडपसरला नोकरी, घर कोथरूडला किंवा वाघोलीला आणि गाव तिकडे भोरला, असे हजारो लोक आहेत. ग्रामसभेचा सदस्य म्हणजे त्या गावाच्या मतदारयादीत नाव असलेला माणूस. तुमचं नाव पुण्याच्या यादीत गेलं असेल तर ग्रामसभेत ठराव मांडण्याचा किंवा हात वर करण्याचा अधिकार तुम्हाला नाही, भले तुमची जमीन आणि घर गावात असो आणि घरपट्टी तुम्ही भरत असाल. दोन्हीकडे नाव ठेवणं कायद्यात बसत नाही, त्यामुळे तो शॉर्टकट नको.

माहिती अधिकाराचा अर्ज मात्र कुठलाही भारतीय नागरिक कुठल्याही ग्रामपंचायतीत करू शकतो, कारण सांगायची गरज नाही. त्यामुळे कामाची वाटणी सरळ आहे. पुण्यातल्यांनी ऑनलाइन रिपोर्ट काढायचे, अर्ज टाईप करायचे, अपिलाच्या तारखा सांभाळायच्या. गावातल्यांनी मोजमाप करायचं आणि ग्रामसभेत बोलायचं.

तपासा: बोलणाऱ्या प्रत्येकाचं नाव सध्याच्या मतदारयादीत आहे ना? नसेल तर सभेत पहिला आक्षेप तिथेच येतो आणि विषय भरकटतो.

## टप्पा १: माणसं जमवा आणि एकच काम निवडा

चार-पाच माणसं पुरे. पण ती एकाच भावकीतली किंवा एकाच पॅनलची नकोत. निवडणुकीत पडलेल्या पॅनलची पाच माणसं हिशोब मागायला गेली तर गावाला ते राजकारणच वाटतं, मुद्दा कितीही खरा असू दे. बचत गटातली एक तरी बाई, वस्तीवरचं एक माणूस, थोडंफार बांधकाम कळणारा एक गवंडी किंवा सेंट्रिंगवाला आणि कागद नीट ठेवणारा एक पोरगा असा मेळ जमला तर उत्तम. गवंडी फार उपयोगाचा असतो, त्याला नुसतं बघून कळतं की कुठे काय वाचवलंय.

मग काम निवडा. एकच. "गेल्या पाच वर्षांतला सगळा भ्रष्टाचार बाहेर काढू" असं म्हणून सुरू केलेलं काहीच शेवटाला जात नाही. शक्यतो असं काम घ्या जे डोळ्यांना दिसतं, टेपने मोजता येतं आणि गेल्या एक-दोन वर्षांतलं आहे. वस्तीचा सिमेंट रस्ता, बंदिस्त गटार, शाळेची संरक्षक भिंत वगैरे. एलईडी दिवे, जंतुनाशक फवारणी, प्रशिक्षण यांचा हिशोब सुरुवातीला घेऊ नका, सिद्ध करणं अवघड जातं.

सावधान: या टप्प्यावर गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर काहीही टाकू नका. अर्ज जायच्या आधीच बोभाटा झाला की कागद जुळवून ठेवायला समोरच्याला वेळ मिळतो, आणि एकदा नाव घेऊन आरोप केला की मग माघार घेता येत नाही.

आणखी एक. गावाने स्वतः लोकवर्गणी काढून काही केलं असेल, मंदिराचा सभामंडप असो की पाण्याच्या योजनेचा लोकवाटा, तर त्याचा हिशोब आधी फळ्यावर लावा. तुमच्या टीममधला कुणी त्या वर्गणीचा खजिनदार असेल तर हे अजूनच गरजेचं. दुसऱ्याला पावती मागणाऱ्याकडे स्वतःच्या पावत्या तयार पाहिजेत.

## टप्पा २: घरबसल्या मिळणारं सगळं आधी काढून घ्या

लोक थेट ऑफिसात जाऊन भांडतात, आणि निम्मी माहिती मोबाईलवर उघडी पडलेली असते. ई-ग्रामस्वराज हे केंद्राच्या पंचायत राज मंत्रालयाचं पोर्टल एप्रिल २०२० मध्ये सुरू झालं, त्यावर लॉगिन न करता ग्रामपंचायतीचा मंजूर वार्षिक आराखडा, कामांची यादी, योजनानिहाय जमा-खर्च दिसतो. वर्ष, राज्य, जिल्हा परिषद, पंचायत समिती, ग्रामपंचायत असं निवडत जायचं. मोबाईलवर 'मेरी पंचायत' ॲपमध्येही यातलं बरंच मिळतं.

इथे दोन चुका हमखास होतात. एक, लोक आपल्या वाडीचं नाव शोधतात आणि "आमचं गावच नाहीये" म्हणून सोडून देतात. डोंगरी भागात ग्रुप ग्रामपंचायती भरपूर आहेत, दोन-चार गावं आणि वाड्या मिळून एक, तर ग्रामपंचायतीच्या नावानेच शोधा. दोन, वर्ष चुकतं. आर्थिक वर्ष एप्रिल ते मार्च असतं. फेब्रुवारी २०२४ मध्ये झालेलं काम २०२३-२४ च्या यादीत, आणि काम आराखड्यात आधीच्या वर्षी घेतलेलं असेल तर अजून मागे. सापडेपर्यंत तीन वर्षं तरी चाळा.

निधी कुठला ते नीट ओळखा. गेल्या काही वर्षांतली बरीच कामं १५व्या वित्त आयोगाच्या पैशातली आहेत. त्याचा कालावधी २०२५-२६ पर्यंतचा. महाराष्ट्रात यातला ८० टक्के वाटा ग्रामपंचायतीला, १० टक्के पंचायत समितीला आणि १० टक्के जिल्हा परिषदेला असं वाटप झालं. २०२१-२२ पासून यातला ६० टक्के निधी बंधित, म्हणजे पाणी आणि स्वच्छतेवरच खर्च करायचा, आणि ४० टक्के अबंधित. हे माहीत असलं की प्रश्न आपोआप टोकदार होतो. बंधित निधीच्या खात्यातून कमान किंवा पेव्हर ब्लॉक झाले असतील तर तो प्रश्न दर्जाचा नाहीच, पैसा दुसरीकडे वळवल्याचा आहे.

आणि प्रत्येक रस्ता ग्रामपंचायतीचा नसतो. आमदार निधी, खासदार निधी, जिल्हा परिषदेचा बांधकाम विभाग, पीडब्ल्यूडी म्हणजे सार्वजनिक बांधकाम विभाग, कुणाचाही असू शकतो. सरपंचांना शिव्या घालून झाल्यावर कळतं की काम जिल्हा परिषदेचं होतं.

तपासा: पुढे जाण्याआधी एका कागदावर एवढं लिहिलेलं पाहिजे: कामाचं पूर्ण नाव जसं यादीत आहे तसं, वर्ष, योजना, मंजूर रक्कम, काम करणारी यंत्रणा. स्क्रीनशॉट तारखेसकट सेव्ह करा.

## टप्पा ३: कागद मागा, पण आधी तोंडी आणि मग लेखी

पहिल्याच दिवशी माहिती अधिकार टाकू नका. आधी सरळ ऑफिसात जा. ग्रामसेवक (पदाचं नाव आता ग्रामपंचायत अधिकारी झालंय) किती गावं सांभाळतात, कुठल्या वारी बसतात ते विचारून जा, कारण एकाकडे दोन-तीन ग्रामपंचायतींचा चार्ज असणं नेहमीचं. "भाऊसाहेब, वस्तीच्या रस्त्याचं इस्टिमेट आणि एमबी बघायची होती" एवढंच म्हणा (एमबी म्हणजे कामाची मोजमाप पुस्तिका). आवाज चढवू नका. काही ठिकाणी खरंच फाईल काढून दाखवतात, तेव्हा तिथेच नोंदी उतरवून घ्या.

नाही दाखवली, की अर्ज. राज्यात यासाठी जोडपत्र 'अ' हा नमुना आहे. त्यावर १० रुपयांचं कोर्ट फी स्टँप लावायचं, दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला फी नाही पण दाखल्याची प्रत जोडायची. एका अर्जात एकच विषय आणि मजकूर १५० शब्दांत, असा आपल्या राज्याचा नियम आहे. एका अर्जात रस्ता, पाणी, घरकुल सगळं कोंबलं की अर्ज परत यायला हे एकच कारण पुरतं.

मागायचे कागद हे:

- कामाचं अंदाजपत्रक (इस्टिमेट), तांत्रिक मान्यता आणि प्रशासकीय मान्यतेची प्रत
- ज्या ग्रामसभेत आणि मासिक सभेत काम मंजूर झालं तो ठराव
- निविदा किंवा दरपत्रकं आणि तुलनात्मक तक्ता
- कार्यारंभ आदेश, म्हणजे वर्क ऑर्डर, आणि करारनामा
- मोजमाप पुस्तिका, जिला सगळे एमबी म्हणतात, त्या कामाची सगळी पानं
- बिलं, व्हाउचर आणि नमुना ५ म्हणजे रोकड वहीतली त्या तारखांची पानं
- पूर्णत्वाचा दाखला आणि काम सुरू असताना व झाल्यावर काढलेले फोटो

यातलं वेळेअभावी फक्त दोनच मागायचं असेल तर इस्टिमेट आणि एमबी मागा. काय करायचं होतं ते इस्टिमेटमध्ये असतं, काय केलं म्हणून पैसे दिले ते एमबीत. जागेवर खरं काय आहे ते तुम्ही मोजणार. बाकी सगळे कागद या तिघांमधला फरक समजून घ्यायला लागतात.

प्रश्न विचारू नका, कागद मागा. "रस्ता निकृष्ट का केला?", "जबाबदार कोण?" याला माहिती अधिकारात उत्तर मिळत नाही, कारण कायदा रेकॉर्डवर असलेली माहिती द्यायला सांगतो. मजकूर साधारण असा ठेवा:

"सन २०२३-२४ मध्ये १५व्या वित्त आयोगाच्या निधीतून झालेल्या 'अमुक वस्ती अंतर्गत रस्ता काँक्रिटीकरण' या कामाची खालील कागदपत्रे साक्षांकित प्रतींच्या स्वरूपात मिळावीत", आणि खाली यादी.

लोकांना एक गोष्ट माहीत नसते, की या कायद्यात माहितीचा अधिकार म्हणजे नुसत्या झेरॉक्स नव्हेत. कलम २ मध्ये कामाची पाहणी करणं, कागदपत्रं बघणं, टिपणं काढणं आणि वापरलेल्या मालाचे प्रमाणित नमुने घेणं हेसुद्धा आहे. त्यामुळे फाईल जाड असेल तर आधी पाहणीचा अर्ज करा, हवी ती पानं निवडा आणि तेवढ्याच प्रती घ्या. एका पानाला २ रुपये लागतात, पाचशे पानांचं बिल बघून माणूस तिथेच थांबतो. जिल्हा परिषदेचं काम असेल तर अजून सोपं, जिल्हा पातळीवरच्या कार्यालयांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ अभिलेख बघू द्यावेत असा शासनाचा २०१८ चा निर्णय आहे, पुण्यात असाल तर अर्धा दिवस काढून जाऊन या.

मुदती पाठच करा. उत्तराला ३० दिवस. फी भरायचं पत्र आलं तर ते निघाल्यापासून तुम्ही पैसे भरेपर्यंतचे दिवस यात धरत नाहीत, म्हणून लगेच भरा. ३० दिवसांत काहीच आलं नाही तर नंतर माहिती मोफत द्यावी लागते. पहिलं अपील त्यानंतर ३० दिवसांच्या आत, जोडपत्र 'ब', २० रुपयांचं स्टँप. अपिलीय अधिकारी कोण ते ग्रामपंचायतीच्या बोर्डावर लिहिलेलं असायला पाहिजे, नसेल तर पंचायत समितीत विचारा. त्यावर समाधान झालं नाही तर ९० दिवसांत दुसरं अपील राज्य माहिती आयोगाच्या पुणे खंडपीठाकडे. तिथे नंबर लागायला खूप वेळ जातो, म्हणून सगळी भिस्त पहिल्या अर्जावर आणि पहिल्या अपिलावर ठेवा, ते दोन्ही कागद काळजीपूर्वक लिहा.

सावधान: अर्ज दिल्याची पोच, आवक क्रमांक आणि शिक्क्यासकट, त्याच वेळी घ्या. पोच देत नसतील तर सरळ रजिस्टर पोस्टाने पाठवा. पोच नसलेला अर्ज म्हणजे दिलेलाच नाही असं समजा.

आणखी सावधान: अर्ज गेल्यावर एखाद्या संध्याकाळी कुणीतरी घरी येईल, "कशाला वाढवतोय, बसून मिटवू" म्हणेल. बसू नका. एकट्याने तर मुळीच नाही. काही लोकांनी माहिती अधिकाराचा धंदा केलाय, अर्ज टाकायचा आणि पाकीट घेऊन मागे घ्यायचा, त्यामुळे खऱ्या माणसाकडेही संशयाने बघितलं जातं. जे काही बोलायचं ते ग्रामसभेत, सगळ्यांसमोर.

## टप्पा ४: टेप घ्या आणि जागेवर जा

कागद हातात आल्यावर, आधी नाही. इस्टिमेट वाचल्याशिवाय मोजायला गेलात तर काय मोजायचं तेच कळत नाही.

उदाहरण घेऊ. एमबीत लिहिलंय रस्ता १२० मीटर लांब, ३ मीटर रुंद, काँक्रीटची जाडी १५ सेंटिमीटर. म्हणजे काँक्रीट झालं १२० × ३ × ०.१५ = ५४ घनमीटर, आणि पैसे ५४ चे दिले. आता जागेवर जाडी १० सेंटिमीटरच भरली तर माल पडला ३६ घनमीटर. म्हणजे एक तृतीयांश काँक्रीट कागदावरच ओतलं गेलं. लांबी-रुंदी सहसा बरोबर असते कारण ती कुणालाही मोजता येते, मार खाते ती जाडी आणि खालचा थर, खडीकरण किंवा मुरूम, कारण ते झाकलं जातं.

मोजताना:

रुंदी एका ठिकाणी मोजू नका. दर दहा मीटरवर मोजा आणि सरासरी काढा, कारण वस्तीतला रस्ता कुणाच्या ओट्याजवळ अरुंद होतोच. लांबी मधल्या रेषेने मोजा, वळणावर आतल्या कडेने मोजली तर कमी भरते आणि मग सभेत इंजिनीअर तुम्हाला खोटं पाडतो. जाडी कडेला दिसते, पण कडेला शटरिंगमुळे कधी जास्त कधी कमी असते, त्यामुळे ती फक्त संशयाला पुरेशी धरा. स्वतः पहार घेऊन रस्ता फोडायचा नाही, सरकारी मालमत्तेचं नुकसान म्हणून उलटी तक्रार होईल. मध्ये कोअर, म्हणजे मशीनने काढलेला काँक्रीटचा गोल नमुना, काढून जाडी तपासावी अशी मागणी ठरावात करायची, ते काम त्यांचं.

आधीच्या रस्त्यावर नवीन थर टाकून पूर्ण खोदाई आणि खडीकरणाचं बिल काढलंय का तेही बघा. शेजारच्या घराच्या पायरीवरून कळतं, आधी तीन पायऱ्या होत्या आणि आता किती उरल्या. आजूबाजूच्या घरांत विचारा, जेसीबी आला होता का, किती दिवस काम चाललं. घरातल्या बायकांना हे तंतोतंत आठवतं, कारण धूळ आणि अडचण त्यांनीच सोसलेली असते.

काम अजून चालू असेल तर तुमच्या हातात खूप जास्त आहे. मार्चएंडला निधी संपवायची घाई असते, तेव्हा काँक्रीट होतं आणि ऊन असतं चाळीसच्या आसपास. काँक्रीट झाल्यावर दुसऱ्या दिवशीपासून त्यावर मातीचे वाफे करून पाणी साठवलंय का, निदान ओलं गोणपाट टाकलंय का, आणि हे किमान आठवडाभर तरी, खरं तर दोन आठवडे, चाललंय का एवढंच रोज बघा आणि फोटो काढा. एकदा टँकर फिरवून गेला म्हणजे क्युरिंग झालं नाही. पाणी न मारलेला रस्ता मुळशी-वेल्ह्याच्या पावसात दुसऱ्याच वर्षी वरून धूळ सोडायला लागतो आणि खडी उघडी पडते. कामाच्या ठिकाणी माहितीचा फलक लावलाय का, त्यावर रक्कम आणि ठेकेदाराचं नाव आहे का, तेही बघा. नसेल तर त्याच दिवशी लेखी मागा.

करारनाम्यात दोषदायित्व कालावधी लिहिलेला असतो, म्हणजे एवढ्या काळात काम खराब झालं तर ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्त करायचं. ही तारीख शोधून ठेवा. पावसाळा संपला की सप्टेंबर-ऑक्टोबरात रस्ता पुन्हा बघा आणि मुदत संपायच्या आत दुरुस्तीची लेखी मागणी करा. भांडण न करता, चौकशी न लावता गावाला रस्ता नीट करून मिळायचा हा सगळ्यात सोपा मार्ग आहे आणि तो जवळजवळ कुणीच वापरत नाही.

तपासा: तीन रकान्यांचा एक तक्ता तयार झाला का? इस्टिमेटमध्ये किती, एमबीत किती, जागेवर किती. खाली मोजणाऱ्या चौघांच्या सह्या आणि तारीख. ग्रामसभेत हातात हा एकच कागद धरायचा आहे.

## टप्पा ५: ग्रामसभा

सगळ्यात जास्त गडबड इथे होते म्हणून थोडं सावकाश.

विषय आधी द्या. आर्थिक वर्षात किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात, साधारण २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबरच्या आसपास. नोटीस सात दिवस आधी निघते. तुमचा विषय त्या नोटिशीवर यायला पाहिजे, म्हणजे नोटीस निघायच्या आधी पंधरा-वीस दिवस लेखी देऊन पोच घ्या. ऐनवेळचे विषय शेवटी येतात, तोपर्यंत निम्मी माणसं उठून गेलेली असतात.

गणपूर्ती, म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी, बघा. एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यातला कमी आकडा. ४०० मतदार असतील तर ६० माणसं, १२०० असतील तर १०० पुरे. भरली नाही तर सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते. इथेच डाव होतो. पहिल्या दिवशी माणसं येत नाहीत, मग तहकूब सभा वीस माणसांत उरकते आणि ठराव मात्र पूर्ण गावाच्या नावाने होतो. पहिल्या सभेला माणसं आणा, आणि ती तहकूब झालीच तर पुढच्या तारखेला दुप्पट आणा. सह्या घरोघरी फिरून घेतल्या जात असतील तर घरच्यांना आधीच सांगून ठेवा की सभेत न बसता सही करायची नाही.

महिला सभा वाया घालवू नका. ग्रामसभेच्या आधी महिलांची स्वतंत्र सभा घ्यावी लागते. बऱ्याच ठिकाणी ती फक्त रजिस्टरवर होते. ती खरोखर झाली आणि तिथे विषय मंजूर झाला की मोठ्या सभेत तो दाबणं अवघड जातं. पाणी आणि गटाराचे विषय तर तिथूनच यायला पाहिजेत.

बोलायचं कसं. एकाच माणसाने, पाच मिनिटं, तक्ता वाचून. "इस्टिमेटला जाडी पंधरा, एमबीत पंधरा, आम्हाला कडेला सहा ठिकाणी नऊ ते अकरा भरली. सहा जागांचे फोटो जोडलेत. मध्ये कोअर काढून तपासावं अशी मागणी आहे." एवढंच. चोर, खाल्ले, मलिदा हे शब्द तोंडातून येऊ द्यायचे नाहीत. सरपंच तुमच्या नात्यातले असतील, वयाने मोठे असतील, तात्या किंवा अण्णा म्हणून हाक मारत असाल तर तशीच मारा. त्यांनाही कदाचित ठेकेदाराने गंडवलेलं असतं, हे लक्षात असू द्या. चिडवायला माणसं तयार ठेवलेली असतात, तुम्ही चिडलात की विषय तुमच्या वागण्याचा होतो आणि रस्ता बाजूला राहतो.

ठराव लिहून न्या. "चौकशी व्हावी" असा ढोबळ ठराव कुठेच जात नाही. काय, कुणी, किती दिवसांत हे त्यात पाहिजे. जसं, सदर कामाची मोजमाप तपासणी आणि कोअर चाचणी पंचायत समितीच्या उपअभियंत्यांकडून ३० दिवसांत करून घ्यावी, तपासणीच्या वेळी ग्रामसभेने निवडलेली चार माणसं हजर राहतील, अहवाल पुढच्या ग्रामसभेत वाचावा, आणि अंतिम देयक बाकी असेल तर तोपर्यंत देऊ नये. सूचक आणि अनुमोदकाची नावं आधीच ठरवा.

प्रोसिडिंग तिथेच वाचून घ्या. सभा संपल्यावर "नंतर लिहितो" असं उत्तर आलं तरी बसून राहा. ठराव जसाच्या तसा लिहिला गेला का, त्याच्या खाली मोकळी जागा सोडली नाहीये ना, सरपंच आणि ग्रामसेवकांची सही झाली का, ते बघा आणि मगच उठा. दोन दिवसांत ठरावाच्या प्रतीसाठी अर्ज द्या. सभेचं पूर्ण शूटिंग करा, मधले तुकडे नको, आणि ते लगेच कुठे टाकायचंही नाही.

हिशोबाचा विषय निघालाच आहे तर त्याच सभेत आणखी एक विचारा. ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातून १५ टक्के मागासवर्गीयांसाठी, १० टक्के महिला व बालकल्याणासाठी आणि ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करावा लागतो. गेल्या वर्षी यातलं किती झालं ते वाचून दाखवायला सांगा. वस्तीवरच्या आणि दिव्यांग माणसांना हा हक्क माहीतच नसतो, त्यामुळे पैसा तसाच पडून राहतो किंवा बाकावर आणि कमानीवर जातो.

## टप्पा ६: ग्रामसभेने नाही ऐकलं तर

पायऱ्या गाळू नका. थेट मंत्रालयात पाठवलेला अर्ज फिरत फिरत पुन्हा पंचायत समितीतच येतो, दोन महिने मात्र जातात.

पहिला अर्ज गटविकास अधिकाऱ्यांना, सोबत तक्ता, फोटो, ठरावाची प्रत आणि पोच. तीस-चाळीस दिवस वाट बघून स्मरणपत्र. मग जिल्हा परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांना, आधीच्या दोन्ही पोच जोडून. सोबत 'आपले सरकार' पोर्टलवर तक्रार टाकली की नंबर मिळतो आणि मागोवा घेता येतो. जिल्हाधिकारी कार्यालयात महिन्याच्या पहिल्या सोमवारी लोकांच्या तक्रारी ऐकायचा लोकशाही दिन असतो, त्याचाही उपयोग होतो. पैशांचा अपहार दिसत असेल तर लेखापरीक्षणाचे आक्षेप मागवा, ऑडिटरने तोच मुद्दा आधीच लिहून ठेवलेला असतो आणि उत्तर द्यायचं राहून गेलेलं असतं असं पुष्कळदा सापडतं. ऑडिटची टिपणी आणि तिला दिलेली उत्तरं ग्रामसभेपुढे ठेवणं कायद्याने बंधनकारक आहे, त्यामुळे हा कागद मागायला लाजू नका.

सरपंचांना पदावरून काढायची तरतूद ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ३९ मध्ये आहे, आणि लोक पहिल्या दिवसापासून तिचंच नाव घेतात. घेऊ नका. तसं केलं की समोरचा वकील लावतो, गाव दोन गटांत फाटतं आणि रस्ता आहे तसाच राहतो. आधी रस्ता दुरुस्त होऊ द्या, जादा गेलेले पैसे वसूल होऊ द्या.

तपासा: प्रत्येक तक्रारीत मागणी एकच आणि ठरावातलीच आहे ना? दर अर्जात नवीन मुद्दा घातला की चौकशी अधिकारी त्यातल्या सगळ्यात कच्च्या मुद्द्यावर अहवाल बंद करतो.

## टप्पा ७: पुढच्या वर्षीच्या आराखड्यात आधीच घुसा

झालेल्या कामामागे धावण्यापेक्षा हे कितीतरी स्वस्त पडतं. ग्रामपंचायत विकास आराखडा, 'आमचं गाव आमचा विकास', याची तयारी साधारण २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेपासून सुरू होते. यादी तेव्हाच ठरते आणि नंतर ती पोर्टलवर चढते. तिथे नसलेलं काम वर्षभर ओरडून होत नाही.

सप्टेंबरमध्येच वाडीवस्तीवर बसून तीन कामं ठरवा, दहा नको. प्रत्येकाची जागा, अंदाजे लांबी-रुंदी आणि किती घरांना फायदा हे लिहा. जागा कुणाच्या खाजगी मालकीची असेल तर आधी त्याचं बक्षीसपत्र किंवा संमती, नाहीतर मंजूर काम वर्षानुवर्षं अडकून बसतं. पाण्याचं काम असेल तर वीजबिल कोण भरणार आणि पंप जळला तर पैसे कुठून येणार हे त्याच बैठकीत ठरवा. टाक्या बांधलेल्या आणि नळ कोरडे अशा योजनांत बऱ्याचदा हेच ठरलेलं नसतं. मग ही यादी वॉर्डातल्या सदस्याच्या सहीने लेखी द्या आणि ग्रामसभेत प्राधान्यक्रमासकट ठरावात घ्या.

आंबेगाव आणि जुन्नरच्या आदिवासी भागातल्या गावांना पेसा, म्हणजे अनुसूचित क्षेत्रातल्या पंचायतींचा कायदा, लागू आहे. तिथे ग्रामसभेचे अधिकार जास्त आहेत आणि पाच टक्के अबंध निधी वेगळा येतो, त्याचं नियोजन ग्रामसभाच करते. तिथे वरचे सगळे टप्पे ग्रामपंचायतीच्या नाही तर पाड्याच्या, वस्तीच्या ग्रामसभेत चालवायचे, आणि अबंध निधीचं पासबुक दर सभेत उघडून वाचायचं.

आराखडा मंजूर झाला की ई-ग्रामस्वराजवरची यादी आणि तुमच्या ठरावातली यादी शेजारी ठेवून बघा. नावं बदललेली, रक्कम बदललेली किंवा एखादं काम गायब असेल तर वर्क ऑर्डर निघायच्या आत लेखी विचारा. सगळ्या कागदांच्या दोन फाईली करा, एक गावात बचत गटाकडे आणि एक पुण्यातल्या माणसाकडे स्कॅन करून, कारण सरपंच बदलतात, भाऊसाहेबांची बदली होते आणि नवीन माणूस पहिल्यांदा हेच म्हणतो की जुनं रेकॉर्ड मिळत नाहीये.